पाचवा कार्बन, नववा कार्बन: समुद्री स्पंजांची मेदाम्लं आणि त्यांचा वंश

खोबरेल तेलातलं जवळजवळ निम्मं मेदाम्ल एकाच जातीचं असतं. ते म्हणजे लॉरिक आम्ल, १२ कार्बनची साखळी. तूप, तीळ, करडई यांच्याकडे वळलं की साखळी १६ आणि १८ कार्बनवर जाते. तारली-बांगड्याच्या तेलात २० आणि २२ कार्बनची मेदाम्लं भरपूर असतात. शेंगदाणा तेलात २४ कार्बनचं एक मेदाम्ल आहे खरं, पण शंभर भागांत एखाद-दोन भाग. २६ कार्बनचं मेदाम्ल ठळकपणे हवं असेल तर मधमाशीच्या मेणाकडे जावं लागतं, आणि मेण ही पोळं बांधायची वस्तू आहे, त्यातून जिवंत पेशीचं आवरण होत नाही. गांडूळ असो, पापलेट असो की माणूस, प्राण्यांच्या पेशींची पटलं बहुतांशी १४ ते २२ कार्बनच्या मेदाम्लांवर भागवतात.

समुद्रातले स्पंज इथे वेगळे पडतात. त्यांच्या सर्वांत मोठ्या गटाच्या पेशीपटलांत २४ ते ३० कार्बनची मेदाम्लं खच्चून भरलेली असतात. अमेरिकेतल्या रटगर्स विद्यापीठातले कार्टर लिचफील्ड आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी १९७६ साली या गटातल्या अनेक जाती तपासल्या, तेव्हा एकूण मेदाम्लांत या लांबलचक साखळ्यांचा वाटा ३४ ते ७९ टक्के निघाला. दुसऱ्या कुठल्याही प्राणिसंघात एवढं प्रमाण दिसत नाही. ही सवय स्पंजांना कुठून लागली, त्यावरून त्यांच्या वंशाबद्दल काय कळतं, आणि कुठे या पुराव्यावर फार विसंबू नये, हे तिन्ही प्रश्न मला सारखेच महत्त्वाचे वाटतात.

आधी मेदाम्लाची रचना पाहू. मेदाम्ल म्हणजे कार्बन अणूंची साखळी. एका टोकाला आम्लाचा गट असतो, पुढे कार्बनला कार्बन जोडलेला, आणि शेवटी शेपटी. कार्बन मोजायचे ते आम्लाच्या टोकाकडून. शेजारच्या दोन कार्बनमधला बंध एकेरी असतो किंवा दुहेरी. सगळे बंध एकेरी असले की साखळ्या सरळ राहतात, एकमेकींना चिकटून बसतात आणि पदार्थ घट्ट होतो. एक दुहेरी बंध आला की तिथे साखळीला बाक येतो आणि ती घट्ट रचना विस्कटते. फरक किती पडावा? १८ कार्बनचं स्टिअरिक आम्ल ६९ अंश सेल्सिअसला वितळतं. तेवढ्याच लांबीच्या ओलिइक आम्लात नवव्या कार्बनपाशी एकच दुहेरी बंध आहे, आणि ते १३ अंशांच्या आसपासच वितळतं.

पेशीपटल हे अशाच साखळ्यांचं दोन थरांचं आवरण असतं. शेपट्या आतल्या बाजूला, पाण्याला भेटणारी टोकं बाहेर. पटल फार घट्ट झालं तर त्यातली प्रथिनं हलेनाशी होतात, फार सैल झालं तर गळती लागते. म्हणून साखळी किती लांब करायची आणि दुहेरी बंध कुठे घालायचा याची काळजी प्रत्येक सजीव घेतो. हे काम विकरं करतात, विकरं जनुकांवरून घडतात, आणि जनुकं आई-बापाकडून येतात. मेदाम्लांवरून नातं ओळखता येईल ही आशा इथूनच निर्माण होते.

आता स्पंज. शाळेच्या पुस्तकात रंध्रीय प्राणीसंघ असा त्यांचा उल्लेख येतो. त्यांना चेता नाहीत, स्नायू नाहीत, तोंड नाही. अंगभर बारीक छिद्रं, आत कॉलर पेशींनी मढवलेले कप्पे. या पेशींच्या चाबकासारख्या धाग्यांनी पाणी आत ओढलं जातं आणि त्यातले जीवाणू व सेंद्रिय कण गाळून घेतले जातात. दिवसभरात स्वतःच्या आकारमानाच्या हजारो पट पाणी स्पंजातून जातं. कोकणात मोठ्या ओहोटीला उघड्या पडणाऱ्या खडकांच्या सावलीतल्या बाजूला नारिंगी, पिवळे, करडे पापुद्रे दिसतात, त्यातले बरेचसे स्पंजच असतात. लोक त्यांना शेवाळ समजून पुढे जातात.

जीवशास्त्राच्या विद्यार्थ्यांनी तीन नावं पाठ केलेली असतात: सायकॉन, यूस्पॉन्जिया आणि यूप्लेक्टेला. ही तीन नावं लक्षात ठेवा. सायकॉनचा सांगाडा चुनखडीच्या कंटिकांचा, म्हणजे बारीक काट्यांचा, म्हणून तो चुनकंटकी वर्गातला. यूस्पॉन्जिया हा आंघोळीचा स्पंज, डेमोस्पॉन्जिया वर्गातला. जगातल्या ९,००० हून अधिक ज्ञात स्पंजजातींपैकी बहुसंख्य जाती याच वर्गात मोडतात. यूप्लेक्टेला हा खोल समुद्रातला काचस्पंज, त्याचा सांगाडा सिलिकाच्या सहा टोकांच्या कंटिकांनी विणलेला. चौथा वर्ग होमोस्क्लेरोमॉर्फा हा छोटा आहे. २०१२ पर्यंत त्याची गणना डेमोस्पॉन्जियातच व्हायची.

लाल दाढीच्या स्पंजातला शोध

स्पंजांच्या मेदाकडे पहिल्यांदा चिकाटीने पाहिलं ते येल विद्यापीठातल्या वेर्नर बर्गमान यांनी. त्यांचा मुख्य ध्यास स्पंजांतल्या स्टेरॉलांचा, म्हणजे कोलेस्टेरॉलच्या जातीच्या मेदांचा होता, पण १९५० च्या सुमारास त्यांच्या प्रयोगशाळेत स्पंजाच्या मेदाम्लांतही असाधारण लांब साखळ्यांची चाहूल लागली. त्याच काळात बर्गमान यांनी फ्लोरिडाजवळच्या एका स्पंजातून न्यूक्लिओसाइड वर्गातली, म्हणजे डीएनएच्या घटकांसारखी, आगळी संयुगं वेगळी केली. त्यांच्या धर्तीवर पुढे सायटाराबीन हे औषध तयार झालं. त्याला अमेरिकेत १९६९ साली मान्यता मिळाली आणि रक्ताच्या कर्करोगावर ते आजही दिलं जातं. औषधाची गोष्ट गाजली आणि मेदाम्लांची बाजूला राहिली, म्हणून इथे मुद्दाम नोंदवतो की दोन्हींची सुरुवात एकाच प्रयोगशाळेत झाली.

साखळीची नेमकी रचना कळायला १९७४ साल उजाडलं. लिचफील्ड यांच्या गटाने अमेरिकेच्या पूर्व किनाऱ्यावरचा मायक्रोसिओना प्रोलिफेरा हा लालभडक स्पंज घेतला. तिकडे त्याला लाल दाढीचा स्पंज म्हणतात. जीवशास्त्रात तो आधीपासूनच प्रसिद्ध होता. १९०७ साली एच. व्ही. विल्सन यांनी हाच स्पंज बारीक रेशमी कापडातून पिळून त्याच्या पेशी सुट्या केल्या होत्या, आणि त्या सुट्या पेशी पुन्हा एकत्र येऊन त्यांचा नवा स्पंज उभा राहिला होता.

लिचफील्ड यांच्या गटाला त्यात २६ कार्बनची दोन मेदाम्लं सापडली. एकात पाचव्या आणि नवव्या कार्बनपाशी दुहेरी बंध. दुसऱ्यात पाचव्या, नवव्या आणि एकोणिसाव्या. नंतर इतर स्पंजांतही हीच पाच-नऊची जोडी सापडत गेली, आणि या कुळाला डेमोस्पॉन्जिक आम्लं असं नाव पडलं.

पाच-नऊमध्ये एवढं विशेष काय, हे कळण्यासाठी नेहमीची मेदाम्लं शेजारी ठेवून बघा. करडई-सूर्यफुलातल्या लिनोलेइक आम्लात दुहेरी बंध ९ आणि १२ वर असतात. माशाच्या तेलातल्या ज्या ओमेगा-३ मेदाम्लाचं एवढं कौतुक होतं त्यातल्या २० कार्बनवाल्या साखळीत ते ५, ८, ११, १४, १७ वर असतात. दोन बंधांत अंतर नेमकं तीनचं. वनस्पती, मासे, माणूस, सगळीकडे बहुतेक वेळा हीच शिस्त पाळली जाते. ५ आणि ९ मध्ये मात्र अंतर चारचं आहे. म्हणजे नेहमीच्या कारखान्यातला एखादा टप्पा चुकून पुढे-मागे झाला आणि हे मेदाम्ल तयार झालं, असं म्हणता येत नाही. ते बनवण्याची रीतच निराळी असली पाहिजे.

ती रीत १९८० च्या दशकात स्टॅनफर्ड विद्यापीठात कार्ल जेरासी यांच्या गटाने उलगडली. हेच ते जेरासी, ज्यांच्या मेक्सिकोतल्या गटाने १९५१ साली संततिनियमनाच्या गोळीतलं संप्रेरक प्रयोगशाळेत बनवलं होतं. उत्तरायुष्यात त्यांनी बरीच वर्षं स्पंजांच्या मेदावर घालवली. किरणोत्सारी कार्बनची खूण केलेली छोटी मेदाम्लं त्यांच्या गटाने जिवंत स्पंजांना दिली आणि काही काळाने ती खूण कुठे पोचली ते पाहिलं. उत्तर असं निघालं की स्पंज आधी साखळी लांबवतो आणि मग तिच्यात पाचव्या व नवव्या जागी दुहेरी बंध घालतो. माणसाच्या शरीरात लांबवणं आणि बंध घालणं आलटून-पालटून चालतं, आणि पाचव्या जागचा बंध साखळी २० कार्बनची असतानाच पडतो. स्पंज थेट २६ पर्यंत जाऊन थांबतो आणि मग बंध घालतो.

यातून एक सुंदर हिशेब निघतो. साखळी लांबवताना नवे कार्बन दोन-दोनच्या जोडीने येतात आणि ते आम्लाच्या टोकाला जोडले जातात. गाडीला इंजिनाच्या बाजूने नवे डबे जोडावेत तसं. गार्डाच्या बाजूने मोजलं तर जुन्या डब्यांचे क्रमांक तेच राहतात, इंजिनाकडून मोजलं तर मात्र सगळे पुढे सरकतात. आता १६ कार्बनचं पामिटोलेइक आम्ल घ्या. त्यात दुहेरी बंध नवव्या जागी असतो. दहा कार्बन जोडून ते २६ चं केलं की तो बंध एकोणिसाव्या जागी जातो. मग स्पंज आपले ५ आणि ९ घालतो आणि ५, ९, १९ तयार होतं, म्हणजे लाल दाढीच्या स्पंजात सापडलं तेच. १८ कार्बनच्या ओलिइक आम्लापासून निघालात तर आठच कार्बन जोडावे लागतात, नववा बंध सतराव्या जागी पोचतो आणि ५, ९, १७ मिळतं. तेही स्पंजांत सापडतं. म्हणजे तिसऱ्या बंधाची जागा पाहिली की सुरुवात कुठल्या छोट्या मेदाम्लापासून झाली ते कागदावर मांडता येतं. रसायनशास्त्रात एवढा सरळ माग क्वचितच लागतो.

घरमालक कोण, भाडेकरू कोण

इथपर्यंत सगळं स्पंजाचं स्वतःचं काम वाटतं. पण स्पंज एकटा नसतो. अनेक जातींच्या शरीरात जीवाणूंची इतकी दाट वस्ती असते की काहींत एकूण जैवभाराचा तिसरा हिस्सा किंवा त्याहूनही जास्त वाटा जीवाणूंचा भरतो. अशा स्पंजाचा तुकडा वाटून त्यातला मेद काढला तर हाती येणारी यादी प्राण्याची आणि त्याच्या पाहुण्यांची मिळून असते.

सुदैवाने जीवाणूंच्या मेदाम्लांना आपली ओळख असते. प्राणी शक्यतो सरळ, फांदी नसलेल्या, सम संख्येच्या साखळ्या बनवतात. जीवाणू १५ किंवा १७ कार्बनच्या विषम साखळ्या बनवतात, आणि त्यांच्या साखळीला शेपटीजवळ किंवा अगदी मध्यावर एका कार्बनची छोटी फांदी फुटलेली असते. स्पंजाच्या अर्कात अशी मेदाम्लं मोठ्या प्रमाणात दिसली की जीवाणूंची वस्ती दाट आहे असं समजावं.

खरी गंमत पुढे आहे. ही फांदीवाली छोटी मेदाम्लं स्पंज उचलतो, आपल्या पद्धतीने २४, २६, २८ कार्बनपर्यंत लांबवतो आणि वर आपली पाच-नऊची जोडी घालतो. जेरासी यांच्या गटाने हे दाखवलं होतं. २०२१ साली उत्तर अटलांटिकच्या खोल पाण्यातल्या जिओडिया या स्पंजावर झालेल्या अभ्यासातही हेच चित्र दिसलं: लांब मेदाम्लांचा मोठा भाग जीवाणूंच्या फांदीवाल्या साखळ्यांपासून सुरू झालेला. एकाच रेणूत शेपटीकडची फांदी जीवाणूची आणि डोक्याकडचे दोन बंध स्पंजाचे. पेट्रोसिया या स्पंजात तर सहाव्या कार्बनवर ब्रोमिनचा अणू बसवलेली पाच-नऊ मेदाम्लंही सापडली आहेत. समुद्राच्या पाण्यात ब्रोमिन विपुल असतो, आणि स्पंजांच्या रसायनांत तो वारंवार भेटतो.

म्हणून स्पंजांच्या मेदाम्लांवरून वंश वाचायचा असेल तर आधी वेगळं काढावं लागतं: विकरांतून वारशाने आलेलं काय, जीवाणूंचं काय आणि गाळून खाल्लेल्या अन्नाचं काय. या कामाचा कणा हाच आहे, असं माझं ठाम मत आहे. नुसते टक्केवारीचे तक्ते जुळवून केलेलं वर्गीकरण फार टिकत नाही. एकाच जातीचा स्पंज वेगळ्या खोलीवर, वेगळ्या ऋतूत घेतला तर टक्केवारी हलते. पाच-नऊची सही मात्र तशीच राहते.

ही मेदाम्लं स्पंजाला कशासाठी लागतात यावर एकमत झालेलं नाही, पण एक हिशेब उद्बोधक आहे. सरळ साखळीत एक कार्बन साधारण ०.१२७ नॅनोमीटर लांबी वाढवतो. २६ कार्बनची साखळी ताणून धरली तर ती ३ नॅनोमीटरच्या थोडी पुढे जाते. नेहमीच्या पेशीपटलाचा आतला तेलकट भाग तेवढाच, म्हणजे सुमारे ३ नॅनोमीटर जाड असतो. म्हणजे नेहमीच्या पटलात जे अंतर दोन साखळ्या समोरासमोर येऊन भरतात, ते स्पंजाची एकच साखळी पार करू शकेल. मग एकतर स्पंजाचं पटल जाड असणार, नाहीतर दोन्ही थरांतल्या शेपट्या एकमेकींत घुसलेल्या असणार. दोन्ही शक्यतांत तिथल्या प्रथिनांना आणि स्टेरॉलांना जुळवून घ्यावं लागतं, आणि स्पंजांत स्टेरॉलांचेही चमत्कारिक प्रकार सापडतात. दोन्ही गोष्टी एकमेकींशी निगडित असाव्यात हा जेरासी यांचा विचार मला पटतो. थंडीपासून बचाव हे कारण पुरत नाही, कारण उष्ण कटिबंधातल्या उथळ पाण्यातल्या स्पंजांतही ही मेदाम्लं तेवढीच भरलेली असतात.

तीन नावांचा निकाल

आता सायकॉन, यूस्पॉन्जिया आणि यूप्लेक्टेला या तिघांकडे परत वळू. यातले सख्खे कोण आणि चुलत कोण?

काचस्पंजांची शरीररचना इतर स्पंजांपेक्षा फारच निराळी. त्यांच्या बहुतेक ऊतींत पेशींना एकमेकींपासून वेगळं करणारी पटलंच नसतात. असंख्य केंद्रकं असलेलं सलग जिवंत जाळं अंगभर पसरलेलं असतं. या फरकाच्या जोरावर १९८३ साली हेन्री राइस्विग आणि जॉर्ज मॅकी यांनी सुचवलं की काचस्पंजांना एका बाजूला ठेवावं आणि उरलेल्या सगळ्या, म्हणजे चुनकंटकी आणि डेमोस्पॉन्जिया स्पंजांना दुसऱ्या बाजूला. शरीर पाहून हा युक्तिवाद पटण्यासारखा होता.

२००२ साली जर्मन भूरसायनशास्त्रज्ञ फोल्कर टील आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी काचस्पंजांचे मेद तपासले. त्यांत पाच-नऊची जोडी असलेली लांब मेदाम्लं निघाली, डेमोस्पॉन्जियात असतात तशीच. चुनकंटकी स्पंजांत ती नव्हती. म्हणजे रसायनांच्या साक्षीने काचस्पंज आणि आंघोळीचा स्पंज जवळचे ठरले आणि सायकॉन दूर गेला. शरीररचनेवरून केलेली विभागणी उलटी पडली. पुढे जनुकांच्या मोठ्या तुलना झाल्या आणि त्यांनीही हाच कौल दिला: डेमोस्पॉन्जिया आणि काचस्पंज एका फांदीवर, चुनकंटकी आणि होमोस्क्लेरोमॉर्फा दुसऱ्या फांदीवर. पेशींमधली ही पटलं गेली हा काचस्पंजांच्या शाखेत नंतर झालेला बदल होता. पटलातली साखळी मात्र जुनीच राहिली.

मेदाम्लांचं उत्क्रांतीच्या अभ्यासातलं सर्वांत ठसठशीत यश मी यालाच मानतो. कारण इथे एक सरळ आहे-नाही असा प्रश्न होता, आणि उत्तर स्वतंत्र मार्गाने तपासून पाहता आलं. जुने तक्ते वाचताना एक सावधगिरी मात्र हवी. २०१२ पूर्वीच्या लेखांत डेमोस्पॉन्जिया म्हणून नोंदवलेल्या काही जाती आता होमोस्क्लेरोमॉर्फात गेल्या आहेत. जाती कुठे बसतात ते पाहूनच आकडे वापरावेत.

यावरून आणखी एक तर्क करता येतो. बाकीच्या प्राणिसृष्टीत ही मेदाम्लं एवढ्या प्रमाणात नाहीत, चुनकंटकी स्पंजांतही नाहीत. मग सर्व स्पंजांच्या मूळ पूर्वजात ती होती आणि नंतर चुनकंटक्यांनी गमावली असं मानण्यापेक्षा, डेमोस्पॉन्जिया आणि काचस्पंज यांच्या समाईक पूर्वजात ही रीत नव्याने आली असं मानणं जास्त सरळ आहे. याचा अर्थ नीट लक्षात घेतला पाहिजे. ही मेदाम्लं स्पंजांत आहेत म्हणून ती पहिल्या प्राण्यातही असतील असं होत नाही. स्पंज आजचे प्राणी आहेत. त्यांच्या शाखेला उत्क्रांत व्हायला जेवढा काळ मिळाला तेवढाच आपल्या शाखेलाही मिळाला. त्यांना आदिम म्हणून मोकळं होण्याची सवय पाठ्यपुस्तकांनी लावली, आणि ती या विषयात सर्वांत जास्त दिशाभूल करते. शिवाय प्राण्यांच्या झाडावरची सर्वांत जुनी फांदी स्पंजांची की कंगवाधारी जेलींची (जेलीफिशसारखे दिसणारे, पण वेगळ्या संघातले पारदर्शक समुद्री प्राणी), हा वाद अजून चालू आहे. २०२३ साली गुणसूत्रांवरच्या जनुकांच्या रांगा जुळवून झालेल्या एका मोठ्या अभ्यासाने कंगवाधारी जेलींच्या बाजूने कौल दिला. काही गट स्पंजांच्याच बाजूने उभे आहेत.

पाच-नऊची जोडी केवळ स्पंजांचीच मक्तेदारी आहे असंही नाही. पाइन वृक्षांच्या बियांत १८ कार्बनचं पिनोलेनिक आम्ल असतं, त्यात ५, ९ आणि १२ वर बंध असतात. पाइन आणि स्पंज यांचं जवळचं नातं कुणीही सांगणार नाही. रसायनाचा एखादा डावपेच उत्क्रांतीत दोनदा, तीनदा स्वतंत्रपणे निघू शकतो. म्हणून सही ओळखताना जोडीच्या जागा, साखळीची लांबी आणि पटलातलं प्रमाण या तिन्ही गोष्टी एकत्र बघतात. २६-२८ कार्बन, ५ आणि ९, आणि तेही मुख्य घटक म्हणून, हे तिन्ही एकत्र आले की स्पंजाचंच नाव घ्यावं.

खडकांत काय उरतं

मग प्राचीन खडकांत ही मेदाम्लं शोधून पहिला स्पंज केव्हा आला ते का सांगत नाहीत? कारण मेदाम्लं टिकत नाहीत. गाळात गाडली गेली की जीवाणू ती खातात. उरलेल्यांचे दुहेरी बंध उष्णतेने आणि काळाने नाहीसे होतात, आणि बंध गेले की सहीही गेली. फांदीवाल्या साखळ्यांचं थोडं बरं आहे. टील यांच्या गटाने १९९९ साली अ‍ॅस्ट्रोस्क्लेरा या प्रवाळासारखा कठीण सांगाडा करणाऱ्या आणि जिवंत जीवाश्म म्हणवल्या जाणाऱ्या स्पंजात मध्यावर फांदी असलेली मेदाम्लं दाखवली. तशाच ठेवणीचे हायड्रोकार्बन अतिप्राचीन खडकांत आणि खनिज तेलांत सापडतात. पण ही फांदी मुळात जीवाणूंची. तिच्यावरून त्या गाळात स्पंज होता असं शपथेवर सांगता येत नाही.

स्टेरॉलांची चार वलयांची चौकट जास्त चिवट असते, म्हणून खरी लढाई तिथे चालू आहे. २००९ साली गॉर्डन लव्ह आणि सहकाऱ्यांनी ओमानमधल्या ६३.५ कोटी वर्षांहून जुन्या खडकांत ३० कार्बनचा एक स्टेरॉल-अवशेष नोंदवला. आज तो प्रामुख्याने डेमोस्पॉन्जियांशी जोडला जातो. असं असेल तर स्पंज हे कॅम्ब्रियन काळाच्या, म्हणजे प्राण्यांचे जीवाश्म खडकांत विपुल दिसू लागतात त्या काळाच्या, सुमारे दहा कोटी वर्षं आधीचे ठरतात. या चर्चेत भारतही आहे. राजस्थानातल्या बीकानेर-नागौर खोऱ्यातल्या बाघेवाला तेलाच्या रेणूंचं ओमानच्या तेलाशी असलेलं साम्य १९९५ सालीच लक्षात आलं होतं. तेव्हा हे दोन्ही भूभाग आजच्याइतके दूर नव्हते.

२०२१ साली मात्र प्रयोगशाळेत असं दिसलं की साध्या शैवालांचे स्टेरॉल गाळात बदलूनही अशाच रचना तयार होऊ शकतात. मग २०२५ साली मॅसॅच्युसेट्समधल्या संशोधकांनी ३१ कार्बनचे स्टेरॉल-अवशेष पुढे आणले. ओमान, सैबेरिया आणि पश्चिम भारत इथले खडक, आजचे स्पंज आणि प्रयोगशाळेत बनवलेले रेणू अशी तिहेरी जुळणी त्यांनी केली. दगडी जीवाश्मांचा पुरावा वेगळ्या वाटेने येतो: कंटिकांचे खात्रीशीर अवशेष कॅम्ब्रियनच्या सुरुवातीचे, आणि २०२४ साली चीनमधून जाहीर झालेला हेलिकोलोसेलस हा सुमारे ५५ कोटी वर्षांपूर्वीचा, कंटिका नसलेला स्पंजासारखा जीव. सुरुवातीच्या स्पंजांना कंटिकाच नव्हत्या असं मानलं तर रेणू आणि दगड यांच्यातली मोठी दरी थोडी भरून येते. मला ही मांडणी आश्वासक वाटते, पण ओमानचा आकडा पाठ्यपुस्तकात निर्विवाद म्हणून छापण्याइतकी ती अजून पक्की नाही.

आजच्या समुद्रात मात्र पाच-नऊची सही रोज कामाला येते. २०१३ साली यास्पर द खूइ आणि सहकाऱ्यांनी दाखवलं की प्रवाळ बेटांवरचे स्पंज पाण्यात विरघळलेलं सेंद्रिय द्रव्य शोषतात आणि झडलेल्या पेशींच्या रूपात ते इतरांसाठी उपलब्ध करतात. ते अन्न पुढे कुणाच्या पोटात गेलं हे शोधायला स्पंजाचीच मेदाम्लं उपयोगी पडतात. स्पंज खाणाऱ्या कवचहीन समुद्री गोगलगायींच्या अंगात ही लांब पाच-नऊ मेदाम्लं मिळतात. गोगलगायीने ती बनवलेली नसतात, जेवणातून आलेली असतात. अन्नसाखळीचा अभ्यास करणाऱ्याला हा हमखास पुरावा आहे. वंशावळ मांडणाऱ्याने मात्र असं मेदाम्ल हाती आलं की आधी त्या प्राण्याच्या जनुकांत ते विकर आहे का ते बघावं.